पालथं ताट

मंगतायारूच्या तोंडाला नरसरावपेटची ती सगळी गल्ली टरकून होती. दूधवाला दुधात पाणी घालायचा तो तिच्या घरचं माप आधी बाजूला काढून. आणि गेली दोन वर्षं त्या तोंडाला एकच धंदा होता, पळून गेलेल्या सुनेचा उद्धार. सकाळी नळाला पाणी आलं की सुरू. "गेली भवानी काळं तोंड करून! नातवंडं नेली, घराची अब्रू नेली. माझी नारळाची खवणी तेवढी ठेवून गेली, हे नशीब!" गल्लीतल्या बायका बादल्या भरता भरता माना डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, अशी सासू असल्यावर कुठली सून टिकेल? ते मंगतायारूला चांगलं ठाऊक होतं. म्हणू देत. तिला तेच हवं होतं.

त्या दिवशी सकाळपासून ती आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, घालत होती. वैशाखात आंध्रातल्या कुठल्याही घरात जा, हेच चाललेलं असतं. कोयीसकट फोडलेल्या कैऱ्या, मोहरीची पूड, तिळाचं तेल आणि आमच्या गुंटूरकडची मिरची. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. दोनदा धुतले तरी आग जाईना. तिनं बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, आता तिसऱ्या दिवशी उघडून ढवळायची, तोवर तिला कुणी शिवायचं नाही. शेजारची अनसूया सव्वासातला आली ती थेट टीव्हीसमोर फतकल मारून बसली.

"काय गं, परत रिचार्ज संपला?" मंगतायारू म्हणाली. "तुझा बरा दर महिन्याला साडेसातच्या तोंडावरच संपतो!"

"असू दे की अक्का. एकटीनं बघायला भीती वाटते मला ती मालिका."

"मग नको बघूस. घरी जाऊन नवऱ्याचं तोंड बघ, त्यात काय कमी भीती आहे?"

अनसूया हसली. तेवढ्यात कोटेश्वरराव दुकानातून आला. मंगतायारूचा एकुलता एक कोटी. बियाण्यांचं आणि खतांचं दुकान, देवळाच्या कमिटीत मानाची खुर्ची, बोलणं असं की लोणी लाजावं. "अनसूयाक्का, बऱ्या आहात ना?" म्हणून त्यानं विचारपूस केली, पाय धुतले आणि दिवाणावर बसला.

साडेसातची मालिका म्हणजे एका बाईची गोष्ट होती. नवरा मारतो म्हणून ती दोन मुलं घेऊन पळते, गावोगाव लपते, आणि नवरा तिच्या मागावर. सगळं आंध्र ती बाई सुटावी म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं. कोटी तेवढा नवऱ्याच्या बाजूनं बघायचा. "अरे गाढवा, डावीकडे बघ! रिक्षात आहे ती!" असं पडद्यावरच्या माणसाला सांगायचा. कधी मान डोलवायचा, कधी मोबाइलमध्ये काहीतरी टिपून ठेवायचा. मंगतायारू टीव्ही बघत नसे. ती त्याच्याकडे बघायची.

आज मालिकेत ती बाई घरातून पळाली कशी, ते दाखवणार होते.

पडद्यावर एक घर आलं. परसात एक खोली. नवऱ्यानं हनुमानाची दीक्षा घेतलेली, अंगात शेंदरी कपडे, गळ्यात माळ, अनवाणी. घरात लोणच्याची गडबड. आणि बायको सासूला म्हणाली, "मी बाहेर बसलेय आजपासून."

मंगतायारूचा लाल हात मांडीवर होता तिथंच राहिला.

"अगंबाई!" अनसूया किंचाळली. "अक्का, ही तर तुमच्या हैमाची गोष्ट!"

होतीच मुळी. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती? दोन वर्षांपूर्वी हाच वैशाख होता. कोटीनं एकेचाळीस दिवसांची दीक्षा घेतली होती. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! त्याआधी माघात त्यानं हैमाचं मनगट मोडलं होतं, का, तर तिनं न विचारता भावाला फोन केला. दीक्षेत हात उचलायचा नसतो, म्हणून तो उचलत नव्हता. नुसता सांगायचा. जेवताना, पूजेआधी, पूजेनंतर, अगदी गोड आवाजात, "माळ उतरू दे, मग बघतो तुझ्याकडे." घरात सगळे त्याला स्वामी म्हणायचे. हैमाही म्हणायची, "हो, स्वामी."

आणि माळ उतरायला पाच दिवस राहिले असताना हैमा बाहेर बसली. दीक्षेतल्या माणसाला विटाळशीची सावली चालत नाही, तिचा आवाजसुद्धा कानावर पडायला नको. त्यात घरात लोणचं. बरणीला तिचा वारा लागला तर वर्षाचं लोणचं नासतं म्हणतात. तेव्हा ती परसातल्या खोलीत गेली. धाकटा बुज्जी चार वर्षांचा, आईला सोडेना, तो तिच्याबरोबर. त्याला सांभाळायला नऊ वर्षांची लास्या गेली. एकदा शिवली ती शिवली, आता तिनंही तिथंच राहायचं. तीन दिवस त्या खोलीकडे कुणी फिरकणार नव्हतं. ताट सासूनं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, आतून बाईनं घ्यायचं, जेवून स्वतः घासायचं आणि पायरीवर पालथं घालायचं. परसाला मागच्या गल्लीकडचं एक दार होतं, झाडूवालीचं.

चौथ्या दिवशी न्हायच्या वेळी दार उघडलं तर आत कुणी नाही. एवढं गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मंगतायारूला ठाऊक होतं, की खोली पहिल्याच संध्याकाळी रिकामी होती.

ती ताट घेऊन गेली होती. हाक मारली, ओ नाही. दार ढकललं, तर चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी आणि बुज्जीची एक चप्पल पडलेली. मंगतायारूनं बोंब मारायला तोंड उघडलं. मुलगा बारा पावलांवर होता. नुसतं "स्वामी!" म्हटलं असतं तर बसस्टँडवर सुनेची मानगूट धरली असती त्यानं.

पण तिला लास्या आठवली. कोटी हैमाला मारायला लागला की मंगतायारू काय करायची? टीव्हीचा आवाज वाढवायची. अकरा वर्षं. गल्लीला ऐकू जाऊ नये, घराची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून. दोनच दिवसांपूर्वी कोटीचा आवाज नुसता चढला होता, आणि ती नऊ वर्षांची पोर चित्रं काढता काढता उठली, रिमोट घेतला, आवाज वाढवला आणि परत चित्रं काढायला बसली. वर मान करून आजीकडे बघितलंसुद्धा नाही. आजीचीच विद्या! मंगतायारूला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

तिनं रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं, ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि बंद दारावर तोंड सोडलं. "जेवा महाराणी! आयतं गिळायला मिळतंय! तीन दिवस लोळा, सासू आहे राबायला!" तीन दिवस, दोन वेळा. कोटीला पुढच्या खोलीत ऐकू जाईल असं. आणि तीन दिवस, दोन्ही वेळा, ताट घासून पायरीवर पालथं पडलं. कोटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

पुढं कोटीनं सांगितलं ते तिनं पोलिसांत लिहून दिलं. सून बदफैली होती, दागिने घेऊन कुणाबरोबर तरी गेली. मुकाट्यानं सही केली. घरात राहायचं, शहाणपण करून चालणार नव्हतं. आणि रोज नळावर शिव्या, म्हणजे संशयाला जागा नको. हैमाला यातलं काही माहीत नव्हतं. ती कुठं गेली, हे मंगतायारूनं कधी शोधलं नाही. जे ठाऊक नाही ते तोंडातून निघत नाही.

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूर्ख बाई! जीव वाचवून गेलीस ना, मग तोंड कशाला उघडलंस? कुणापुढे रडलीस गं? आणि ऐकणारीनं ते नेऊन टीव्हीवाल्यांना विकलं. आता घरोघरी दिसतेयस, त्या कसायाच्या घरातसुद्धा!

कोटी पुढं सरकून बसला होता. पापणी हलत नव्हती.

पडद्यावर दुसरी सकाळ झाली. मालिकेतली सासू कॉफीचा पेला घेऊन परसात गेली. उंबऱ्यावर रात्रीचं ताट तसंच भरलेलं. भातावर मुंग्या. सासूनं पेला टाकला आणि किंकाळी फोडली. शेंदरी कपड्यातला नवरा धावत सुटला. मग जाहिरात लागली.

"बरोबर आहे," अनसूया म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिची जन्माची खोड. "खोलीत माणूस नाही तर ताट भरलेलंच राहणार! दुसऱ्या दिवशी कळणारच की. तुमच्याकडे कसं हो अक्का चौथ्या दिवसापर्यंत..."

मध्येच तिला आपण काय बोललो ते कळलं.

जाहिरातीत एक बाई कपडे धूत गात होती. कोटीनं हळूच मान वळवली.

"अनसूयाक्का," तो लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "तुम्ही घरी जा."

अनसूयानं एकदा मंगतायारूकडे बघितलं, पदर सावरला आणि गेली. कोटीनं दाराला कडी घातली. मग त्यानं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

या घरात त्याचा अर्थ काय, हे मंगतायारूपेक्षा जास्त कुणाला कळणार!

"अम्मा, तीन दिवस ते ताट कुणी रिकामं केलं?"

"मला काय ठाऊक? कुत्र्यानं खाल्लं असेल."

"आणि घासलं? पालथं घातलं? आपल्याकडची कुत्री एवढी सोवळी कधीपासून झाली?"

"मी सासू आहे की पहारेकरी? ताट ठेवलं, माझं काम झालं. एवढी काळजी होती तर स्वतः जायचं होतंस बघायला. पण तुम्ही पडलात स्वामी!"

त्यानं मारलं. उजव्या गालावर, कानाच्या खाली. जन्मात पहिल्यांदा. तिचा चष्मा बरणीजवळ जाऊन पडला. मंगतायारूला वाटलं होतं आपल्याला नवल वाटेल. काही वाटलं नाही. अकरा वर्षं हाच हात ती पाठमोरी बसून ऐकत आली होती.

"कुठं आहे ती?"

"ठाऊक नाही."

"नसेना. मला आता तुझी गरज नाही." तो हसला. "ही मालिका हैदराबादेत बनते. म्हणजे बाईसाहेब तिथंच कुणाच्या तरी जवळ बसून रडल्या आहेत. रात्रीच्या बसनं जातो. त्या मालिकावाल्यांच्या दारात बसतो. नवरा आहे मी, पोरांचा बाप आहे, चार माणसांत हात जोडून रडलो की पत्ता देतील. मालिकेत देतातच की."

हे मात्र खरं होतं. हा माणूस रडायला लागला की देवळातला पुजारीसुद्धा विरघळायचा. हैदराबाद, आणि उद्या सकाळी. लास्या अकरा वर्षांची झाली असेल. शाळेतून येत असेल, आणि फाटकाशी हा उभा.

त्याला दुसरीकडे पाठवायचं होतं. पण कोटीला ती पोटातून ओळखत होती. सहज हातात आलेली गोष्ट त्याला खरी वाटत नसे. लहानपणीसुद्धा दिलेला लाडू खायचा नाही, डब्यातून हिसकावलेला खायचा. तेव्हा आता हिसकावूच द्यायला हवं.

"जा की हैदराबादला," ती म्हणाली. "लगेच जा. चांगलं आहे."

कोटी थबकला. "का? तुला का एवढी घाई?"

ती नजर चुकवून चष्मा उचलायला वाकली. त्यानं तिचा दंड धरून हिसडा दिला, ती भिंतीवर आपटली. टीव्हीचं बटण तिथंच होतं. मंगतायारूनं हात लांब केला आणि बटण बंद केलं.

घर एकदम गप्प झालं. गल्लीतल्या पोरांचा दंगा आत यायला लागला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. आतलंही आता बाहेर जाणार होतं.

"मार!" ती ओरडली. नळावरच्या आवाजात, साठ घरांना ऐकू जाईल अशी. "मार आईला! सून पळाली, आता म्हातारी उरलीय! तिचं मनगट मोडलंस, माझं काय मोडतोस?"

"तोंड बंद कर," तो दातओठ खात म्हणाला आणि पुन्हा मारलं. यावेळी ओठ फुटला. बाहेर चपला वाजल्या. "अक्का! अक्का, दार उघडा!" अनसूया आणि तिचा नवरा. दारावर थापा पडायला लागल्या. कोटीनं तिचा गळा धरून चेहरा जवळ आणला आणि कुजबुजला, "कुठं ठेवलीस तिला? सांग, नाहीतर याच बरणीत बुडवीन."

मंगतायारूनं डोळे मिटले. मग अगदी मेल्या आवाजात म्हणाली, "तिला काही करू नकोस बाबा. आश्रमात पडलीय बिचारी. देवाच्या दारात."

"कुठल्या आश्रमात?"

ती रडायला लागली. खोटं रडायची गरज नव्हती.

"थांब," कोटी म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "गेल्या कार्तिकात तू गल्लीतल्या बायकांबरोबर तमिळनाडूत, त्या आश्रमांच्या अरुणाचलमला गेली होतीस. डोंगराला प्रदक्षिणा घालायला. गुडघे दुखतात म्हणून दळण आणायला जात नाहीस, आणि चौदा किलोमीटर चाललीस? तिला भेटायला गेली होतीस तू!"

मंगतायारूनं मान खाली घातली. अरुणाचलमला ती आपल्या पापाच्या नावानं चालली होती. पण पोराला एवढी अक्कल लढवायची हौस, तर लढवू दे.

"आणि मालिकावाले?"

"दर पौर्णिमेला हैदराबादच्या मोटारी भरभरून येतात तिथं," ती म्हणाली. "सांगितलं असेल कुणाला तरी. तोंड आहे का तिच्या ताब्यात!" हे शेवटचं वाक्य तिनं अगदी मनापासून म्हटलं.

कोटीनं तिला सोडलं. किल्ल्या उचलल्या, झाडूवालीच्या दारानं परसातून निघून गेला. मागच्या गल्लीत गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तमिळनाडूच्या दिशेनं, दक्षिणेकडं, निघून गेला.

मंगतायारूनं कडी काढली. अनसूया आत आली आणि तिचा चेहरा बघून तोंडावर हात घेऊन उभी राहिली. मग लगबगीनं हळद आणायला वळली.

"हात लावू नकोस," मंगतायारू म्हणाली.

"अहो रक्त येतंय अक्का!"

"येऊ दे. सुजू दे नीट. पोलीस ठाण्यात जायचंय आपल्याला, तिथं काय मेकअप करून जाऊ? हैमा एकदा तक्रार द्यायला गेली ती आठ दिवसांनी, गाल बरा झालेला. बिचारीला म्हणाले, कुठं काय दिसतंय." तिचे डोळे वाहत होते, पण हाताला मिरची होती, पुसता येत नव्हते. "तू उभी काय राहिलीस गं भुतासारखी? रिक्षा बोलाव. आणि तूसुद्धा चल. ऐकलंस ना सगळं? सांगायचंस तिथं. एरवी न विचारता सांगतेस!"

ठाण्यात एक तरुण फौजदारीण होती. तिनं मंगतायारूला बसवलं, पाणी दिलं, विचारलं, "कुणी मारलं, अम्मा?"

"ते सांगते. आधी हैदराबादला फोन लावा. साडेसातची मालिका बनवतात, त्यांना सांगा, कुणी नवरा म्हणून रडत आला तर पत्ता द्यायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तो आता अरुणाचलमच्या वाटेवर आहे, पण तिथून परत फिरेल. आणि माझ्या सुनेलाही निरोप द्या, तोंड आवर म्हणावं, मूर्ख!"

फौजदारिणीनं फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. मग ती कागद घेऊन समोर बसली.

"दोन वर्षांपूर्वी मी इथं एक लिहून दिलंय," मंगतायारू म्हणाली. "सून बदफैली म्हणून. ते आधी खोडा."

"खोडता येत नाही, अम्मा. नवीन जबाब लिहून घेता येतो."

"मग लिहा. सगळं खोटं होतं लिहा. ती पळाली ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तीन दिवस मीच लपवलं."

फौजदारिणीनं पेन थांबवलं. ती मालिका तिच्याही घरी बघत असणार. "मग ते जेवण? कुत्र्याला घातलंत?"

"कुत्र्याला घालायला परसात बोलवावं लागलं असतं, भुंकलं की हा खिडकीत आला असता." आयुष्यभर सोवळ्यात वागलेली बाई, तिला हे सांगायला मार खाल्ल्याहून जड गेलं. "मी जेवले. हा पूजेला बसला की त्या खोलीत आत जाऊन, तिच्या चटईवर बसून, तिच्या ताटात. दर वेळी. बाहेर आले की घासायचे, पालथं घालायचे, आणि तिच्या नावानं शिव्या द्यायचे."

फौजदारीण लिहीत राहिली. पान उलटलं, आणखी लिहिलं, मग कागद पुढं सरकवला आणि सहीची जागा दाखवली.

"आधी वाचून दाखवा," मंगतायारू म्हणाली. "मोठ्यानं वाचा. बाहेर बाकावर अनसूया बसलीय, तिला ऐकू गेलं पाहिजे. उद्या सकाळी नळावर सगळ्या गल्लीला कळेल."